चेटकिणीच्या अंगावर आमच्या आजीचं गोंदण कशाला?

पळसपान (जिवती): कालपासून ग्रुपवर गेमसाठी काढलेली पात्रं फिरताहेत, 'विदर्भाची लोकजादू' म्हणून. त्यातली चेटकीण पाहून डोकं फिरलं. वाकलेली म्हातारी, गुडघ्यापर्यंत लुगडं, हनुवटीवर गोंदणाचे ठिपके, हातात बिब्बा टोचलेली काळी बाहुली. हात चांगला आहे चित्रकाराचा. पण बिब्बा, बाहुली आपण दाराला बांधतो ते नजर लागू नये म्हणून. गोंदण तर मेल्यावरही सोबत येणारा दागिना, असं आमच्या बाया सांगतात. राखणीच्या वस्तू उचलून करणी करणारीला दिल्या! ऑगस्ट 2021 मध्ये आमच्याच तालुक्यात, वणी खुर्दला, जादूटोण्याच्या संशयावरून माणसांना भरचौकात बांधून मारलं. त्यात म्हाताऱ्या बायाही होत्या. अशाच दिसणाऱ्या.

रंगरेघ: चित्र माझं आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत' ओरडत बाईचाच पुतळा गावाबाहेर जाळता ना? तेव्हा राग कुठं जातो?

पळसपान: मारबत रोगराई घेऊन जाते, आणत नाही. एवढा फरक कळत नसेल तर 'लोकजादू' लिहू नका.

धुऱ्यावरचा: चेटकिणीचं राहू द्या. त्यातच भगत काढला न बे! पांढरी दाढी, मोरपिसं, डोळ्यातून उजेड. माह्या चुलतभावाले तुरीत घोणस डसली. भगत रातभर मोरपीस फिरवत होता, कडूलिंबाचा पाला चारून 'कडू लागते का' ईचारत होता. पहाटे हिरड्यातून रक्त आलं तवा गाडी काढली. रस्त्यातच गेला. अशाले देव करून रायले तुमी.

मोहफूल (मेळघाट): दुःख समजतं, भाऊ. पण आमच्याकडं मध्यरात्री दार वाजवलं तर भूमकाच, म्हणजे आमचा गावचा वैदू, उठतो. दवाखान्याला कुलूप, डॉक्टर तालुक्याच्या गावी. लोक मोरपिसावर भाळून जात नाहीत.

धुऱ्यावरचा: म्हणून लेकराच्या पोटाले इळा तापवून डंबा, म्हंजे चटका, द्यायचा?

मोहफूल: डंब्याचं नाव मी घेतलं नाही, माझ्या तोंडी घालू नका! भूमक्याला हाताशी धरलं तर तोच पेशंट दवाखान्यात आणतो, हे मेळघाटात झालेलं आहे. पण तिथं डॉक्टर तर हवा.

धुऱ्यावरचा: डॉक्टर पायजे, हे मान्य. सापाचं इंजेक्शनही पायजे. भगत मान्य नाही. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा कायले केला मग?

रंगरेघ: दवाखान्याचं भांडण माझ्या चित्राखाली कशाला? ताई, हनुवटीचे ठिपके पुसतो. बिब्बा राहील, त्याशिवाय पात्र उभंच राहत नाही.

पळसपान: मग बिब्बा गावाची राखण करणारीच्या हाती द्या. आणि करणी करणारं पात्र म्हातारीच कशाला हवं? गावात जादूटोण्याची आवई धडधाकट पुरुषही उठवतात. तो चेहरा काढा.

रंगरेघ: विचार करतो. कबूल केलं नाही.

धुऱ्यावरचा: अन् भगताच्या डोळ्यातला उजेड? त्याचं काय ते आधी सांग.