अनुभव धागा : आपल्या भागातल्या हवालदारांना मानाने निरोप देताना

तीस-पस्तीस वर्षं एकाच तालुक्यात बीट (पोलीस ठाण्याच्या हद्दीतला नेमून दिलेला भाग) सांभाळलेले हवालदार, सहायक फौजदार (म्हणजे सहायक पोलीस उपनिरीक्षक) गेले की गाव शोकसभा ठरवतं. घाईत चुका होतात आणि त्या घरच्यांना सलतात. अशी कामं हाताळलेल्यांनी नेमकं काय करायचं ते इथे लिहावं.

कवायत शिकवणारे
पहिली चूक तिरंग्याची. निवृत्तीनंतर आजारपणाने गेलेल्यांच्या पार्थिवावर प्रेमापोटी गावकरी झेंडा घालतात. ते करू नका. शासकीय, लष्करी वा निमलष्करी इतमामाच्या अंत्यसंस्काराखेरीज झेंडा असा पांघरणं १९७१ च्या कायद्याने गुन्हा आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. शासकीय इतमाम मंजूर असेल तर केशरी पट्टा डोक्याकडे येतो आणि अग्नी देण्याआधी झेंडा उतरवतात. एरवी धुतलेली टोपी आणि पदकं तसबिरीशेजारी ठेवा, तेवढ्यानेही मान राहतो.

आस्थापना शाखेत काम केलेले
फलकावर हुद्दा अंदाजाने लिहू नका, सेवापुस्तकातून घ्या. तुकाराम ओंबळे यांना अजूनही कित्येक जण ‘हवालदार’ लिहितात. ते सहायक पोलीस उपनिरीक्षक होते. साताऱ्याच्या केडंबे गावचे, सैन्यातून निवृत्त होऊन पोलिसात आलेले. २००९ मध्ये मरणोत्तर अशोकचक्र मिळालेल्या माणसाचा हुद्दा चुकतो, तर आपल्या गावच्या माणसाचा चुकायला किती वेळ? ‘पोलीस नाईक’ हे शिपाई आणि हवालदार यांच्यामधलं पद २०२२ मध्ये रद्द झालं, तरी जुन्या माणसाच्या सेवाक्रमात ते लिहायलाच हवं, ती बढती त्यांनी कमावलेली असते. बक्कल नंबर, म्हणजे पोलिसाचा ओळख क्रमांक, जिल्हा बदलला की बदलतो, म्हणून नंबरासोबत जिल्हाही लिहा. नुसत्या नंबरावर जुनी नोंद सापडत नाही.

फोटोचं काम करणारे
बहुतेकदा ओळखपत्रावरचाच फोटो हाती असतो. मोबाइलने त्याचा फोटो काढू नका, चकाकी येते. १२०० डीपीआयने (इंचाला १२०० ठिपके) स्कॅन केला तर ८ बाय १० इंचांपर्यंत धड येतो. त्याहून मोठा केला की चेहरा फुटतो.

पोलीस स्मृतिदिनाच्या संचलनाची तयारी करणारे
२१ ऑक्टोबरला वाचली जाणारी नावं कर्तव्य बजावताना गेलेल्यांची असतात. १९५९ मध्ये लडाखच्या हॉट स्प्रिंग्ज इथे दहा पोलीस जवान पडले, तेव्हापासूनची ही परंपरा. यादी १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट अशी धरतात. म्हणजे सप्टेंबरात गेलेल्याचं नाव पुढच्या वर्षीच्या यादीत येतं. हे घरच्यांना आधीच सांगा, नाहीतर आपला माणूस वगळला असं वाटून ते बिचारे परत जातात. वाचणाऱ्याने नावाचा उच्चार घरच्यांकडून पक्का करून घ्यावा.

सरकारी वकिलांकडे काम केलेले
भाषणात ‘त्यांनी उकललेली केस’ हमखास येते. बलात्काराच्या गुन्ह्यातल्या पीडितेचं नाव, गाव, नातं, काहीही उच्चारू नका. पोक्सोतल्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्यातल्या) मुलांचंही तसंच. गुन्हा २० वर्षांपूर्वीचा असला तरी ती बाई समोरच्या रांगेत बसलेली असू शकते. वक्त्यांना हे आदल्या दिवशी सांगायचं, मंचावर चिठ्ठी पाठवून नाही.