मदत हवी आहे: जॅझ गिटार, साथ जड होते आणि सोलो म्हणजे नुसतं स्केल वर-खाली

नमस्कार मंडळी,

गिटार बरीच वर्षं वाजवते आहे, पण गाण्यांच्या साथीपुरती. ओपन कॉर्ड, बॅरे कॉर्ड, स्ट्रमिंग, थोडं फिंगरपिकिंग. त्याआधी हार्मोनियमवर राग शिकले होते, त्यामुळे कान अगदीच कच्चा नाही. आता जॅझची गोडी लागली आहे. पियानो, बेस, ड्रम्स आणि मी असे चौघं मिळून सध्या एफमधला बारा बारचा (बार म्हणजे चार ठोक्यांचं एक आवर्तन) ब्लूज बसवतोय.

आमचा कॉर्डचा साचा असा: एफ सेव्हन, बी फ्लॅट सेव्हन, मग दोन बार एफ सेव्हन. पुढे दोन बार बी फ्लॅट सेव्हन, एक बार एफ सेव्हन, आठव्या बारला डी सेव्हन. नवव्याला जी मायनर सेव्हन, दहाव्याला सी सेव्हन आणि शेवटचे दोन बार पुन्हा पहिल्या बारला नेऊन सोडणारे. हे सगळं झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन. तरी गाडी अडते ती अशी.

पहिली अडचण साथीची. मी सहाही तारांवर भरभक्कम कॉर्ड धरते आणि पियानोवाल्याच्या कपाळावर आठ्या पडतात. त्याचं म्हणणं, "आपण दोघं एकाच खोलीत एकाच वेळी बोलतोय." बरं, मग थांबायचं तर किती? आणि वाजवायचं तर नेमकं कुठल्या ठोक्यावर? रेकॉर्डिंग ऐकताना गिटार कुठेही मध्येच "टक" करून जाते, आणि ते बरोबर वाटतं. मी तसं केलं की चुकून हात लागल्यासारखं वाटतं.

दुसरी अडचण सोलोची. रागात सा जागचा हलत नाही. तानपुरा चालू आहे, आपण त्याच्याभोवती फिरतोय. इथे दर बारला जमीन सरकते. प्रत्येक कॉर्डला वेगळं स्केल लावायचं असं कुठेतरी वाचलं आणि मिक्सोलिडियन, डोरियन वगैरे घोकली. आता मी सोलो घेतला की ती स्केलं वर-खाली ऐकू येतात, वाक्य ऐकू येत नाही. एफची ब्लूज स्केल पकडून बसलं की बरं वाटतं, पण आठव्या बारला हमखास काहीतरी खटकतं.

तिसरी अडचण म्हणजे सोलो घेता घेता आपण कितव्या बारला आहोत हेच विसरते.

आधी साथ पक्की करू की सोलोचा रियाज चालू ठेवू? आणि माझ्याकडे साधी सॉलिड बॉडी इलेक्ट्रिक आहे. पोकळ अंगाची गिटार घ्यावीच लागते का?

---

चौथी_तार:

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो कारण तो सोपा आहे. नाही घ्यावी लागत. नेक पिकअप (गिटारच्या मानेजवळचा) लावा, टोनची खुंटी बरीच खाली आणा, तारा थोड्या जाड घ्या. बाकी आवाज हातातून येतो.

आता साथ. सहा तारा विसरा, फक्त डी आणि जी या दोन तारा घ्या. कॉर्ड कुठला आहे हे त्याचा तिसरा आणि सातवा सूर सांगतात. मूळ सूर बेसवाला देतोय, तो तुम्ही परत कशाला द्यायचा? गिटार उचला आणि हे करून बघा:

एफ सेव्हन: डी तारेवर ७वा फ्रेट, जी तारेवर ८वा. (ए आणि ई फ्लॅट.)
बी फ्लॅट सेव्हन: ६ आणि ७. (ए फ्लॅट आणि डी.)
सी सेव्हन: ८ आणि ९. (बी फ्लॅट आणि ई.)

म्हणजे एकच पकड एक फ्रेट मागे, एक फ्रेट पुढे. ब्लूजचे तीन मुख्य कॉर्ड झाले. डी सेव्हनला तीच पकड १० आणि ११ वर. जी मायनर सेव्हनला ८ आणि १०, आणि तिथून सी सेव्हनला जाताना जी तारेवरचं बोट फक्त एक फ्रेट खाली येतं, डी तारेवरचं हलतच नाही. हे एकदा कानात बसलं की तुमच्या "जमीन सरकते" या तक्रारीचं अर्धं उत्तर मिळेल. जमीन सरकते खरी, पण इथे बहुतेक वेळा अर्ध्या स्वराने, आणि कधी कधी एकच पाय उचलावा लागतो.

पियानोवाल्याशी मात्र बोलून घ्या. दोघांनी एकाच वेळी मोकळी साथ करायची नाही, हा साधा नियम. एक कोरस (म्हणजे बारा बारची एक पूर्ण फेरी) त्याने, एक तुम्ही. किंवा तो साथ करत असताना तुम्ही चारही ठोक्यांवर हलकं, कोरडं वाजवा. काउंट बेसीच्या ऑर्केस्ट्रात फ्रेडी ग्रीनने हेच केलं. १९३७ मध्ये तो तिथे आला आणि जवळजवळ पन्नास वर्षं हेच करत राहिला. त्याच्या कॉर्डमध्ये बऱ्याचदा एखाद-दोनच सूर नीट वाजतात, बाकीच्या तारा दाबून बंद. गिटार वेगळी ऐकू येत नाही, पण ती काढली तर बँड लंगडेल.

---

ऑफबीट:

वरच्या प्रतिसादाला +१. "कुठल्या ठोक्यावर" हे राहिलं, म्हणून लिहिते.

चार्ल्सटन नावाची लय घ्या. "एक-आणि-दोन-आणि-तीन-आणि-चार-आणि" असं म्हणा. पहिला ठोका "एक"वर, दुसरा दोननंतरच्या "आणि"वर. बास. उरलेला बार गप्प. सगळे बारा बार असेच. मग तीच जोडी अर्ध्या ठोक्याने पुढे ढकला: एकनंतरचा "आणि" आणि "तीन". मग आणखी अर्ध्याने. हे करताना मेट्रोनोम दोन आणि चारवर ऐका. म्हणजे गाण्याची गती १०० असेल तर मेट्रोनोम ५० वर ठेवायचा आणि त्याची टिकटिक दोन-चारची आहे असं धरून चालायचं. सुरुवातीला मेंदू बंड करतो, टिकटिक आपोआप एक-तीनची होऊन बसते. तेव्हा वाजवणं थांबवा, नुसतं तोंडाने म्हणा, जमलं की पुन्हा हात घाला.

तुमचा "टक" चुकल्यासारखा का वाटतो सांगू? बहुतेक तो ठाम नसतो. ऑफबीटवरचा, म्हणजे त्या "आणि"वरचा, कॉर्ड दबकत वाजवला की चूक वाटते, तोच नेमका तोडून वाजवला की जॅझ वाटतो. कॉर्ड किती लांब ठेवायचा हेही आधी ठरवा. सगळे तोकडे किंवा सगळे लांब नकोत.

ऐकण्यासाठी गिटारवादक जिम हॉल. पियानोवादक बिल एव्हान्सबरोबरचा त्याचा अल्बम 'अंडरकरंट' १९६२ चा आहे, त्यात फक्त पियानो आणि गिटार. दोघांनाही एकमेकांच्या पायात यायची पुरेपूर संधी होती. त्याच वर्षीच्या सॅक्सोफोनवादक सनी रोलिन्सच्या 'द ब्रिज'मध्ये पियानोच नाही, सगळी साथ हॉलच्या गिटारवर. दोन्ही पाठोपाठ ऐका आणि सोलो ऐकू नका, सोलोच्या मागे तो काय करत नाही ते ऐका.

---

खर्ज:

मी जरा वेगळं सांगणार आहे. स्केलं सध्या बाजूला ठेवा. अक्षरं गिरवून कुणी बोलायला शिकत नाही, ऐकून शिकतो. चार्ली ख्रिश्चन घ्या. १९३९ मध्ये बेनी गुडमनच्या बँडमध्ये आला, १९४२ मध्ये पंचविसाव्या वर्षी गेला, आणि तेवढ्यात इलेक्ट्रिक गिटारवर एकेका सुराचा सोलो कसा असतो हे दाखवून गेला. पुढचा मोठा जॅझ गिटारवादक वेस माँटगोमेरी त्याचेच सोलो कानाने उचलून शिकला.

पण अख्खा सोलो उतरवायला बसू नका, तिथेच लोक दमतात. दोन बारचं एक वाक्य. आधी गळ्यातून काढा, गाता येईपर्यंत गिटारला हात लावायचा नाही. (राग शिकला आहात, हे तुम्हाला आमच्यापेक्षा लवकर जमेल.) मग ते गिटारवर शोधा, मग दुसऱ्या दोन-तीन पट्ट्यांत न्या. मग त्याची मोडतोड करा: सुरुवात तीच, शेवट वेगळा. लय तीच, सूर वेगळे.

---

चौथी_तार:

खर्ज यांचं पटतं, पण कानाने उचललेलं वाक्य त्या कॉर्डवर का बसतं हे कळलं नाही तर ते तिथल्या तिथेच राहतं. म्हणून दोन्ही करा. साथीसाठी जे दोन सूर शोधलेत तेच सोलोचे खुंट आहेत.

आठव्या बारला खटकतं त्याचं कारण एकच सूर: एफ शार्प. डी सेव्हनचा तिसरा. तुमच्या एफ ब्लूज स्केलमध्ये साधा एफ आहे, आणि तो नेमका त्याच्या अंगावर जातो. सातव्या बारला तुम्हाला हवं ते वाजवा, पण आठव्याच्या पहिल्या ठोक्यावर एफ शार्पवर उतरा आणि नवव्यात एफ किंवा जीवर जा. मागे पियानो नसला तरी कॉर्ड बदललेला ऐकू येईल.

रियाज असा: एक कोरस प्रत्येक बारला फक्त तिसरा सूर, पहिल्या ठोक्यावर. पुढच्या कोरसला त्याच्या आधी अर्धा स्वर खालून येणारा एक सूर जोडा. मग दोन. हळूहळू वाक्य आपणहून तयार होतं आणि मुख्य म्हणजे ते कुठेतरी पोचतं. नुसती ब्लूज स्केल वाईट नाही हो. पहिले चार बार सा धरून बसल्यासारखं वाजवणं हा ब्लूजचा हक्कच आहे. आठव्यापासून मात्र कॉर्ड ऐकवावे लागतात.

आणि "आधी काय" याचं उत्तर: साथ. वेळेपैकी मोठा वाटा तिथे द्या. ग्रुपमध्ये सोलो एक-दोन कोरस मिळतो, बाकी सगळा वेळ तुम्ही साथच करणार आहात.

---

ऑफबीट:

कितवा बार हे विसरण्यावर: सोलो घेताना मनात मूळ चाल गुणगुणत ठेवा. बार मोजू नका, मोजायला गेलं की वाजवणं सुटतं. सराव म्हणून चार बार वाजवा, चार बार पूर्ण गप्प, पण पाय चालू. गप्प असतानाच कळतं की फॉर्म डोक्यात आहे की नुसता बोटांत. हरवलातच तर पाचव्या बारची वाट बघा. तिथे बेस बी फ्लॅटवर जाऊन दोन बार मुक्काम करतो, ते सहज ऐकू येतं. तिथून परत चढा.

---

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार! दोन तारांची पकड लगेच करून पाहिली. इतकं कमी वाजवून ब्लूज ओळखू येतो यावर विश्वास बसत नव्हता. चार्ल्सटन अर्ध्या ठोक्याने ढकलला की मात्र अजून तोल जातो, ते चालू ठेवते.

एक उपप्रश्न. सहाव्या बारला आमचा पियानोवाला कधी कधी बी फ्लॅट सेव्हनऐवजी बी डिमिनिश्ड घेतो, न सांगता. तेव्हा मी काय धरायचं?

---

चौथी_तार:

काहीच बदलायचं नाही. बी डिमिनिश्डमध्ये बी, डी, एफ आणि ए फ्लॅट असतात. तुमच्या ६ आणि ७ फ्रेटवर ए फ्लॅट आणि डी आधीच आहेत. हात तिथेच ठेवा, बी तो देईल. सोलोत असाल आणि त्याने बी घेतलेला ऐकू आला, तर बी फ्लॅट सोडून तुम्हीही बीवर जा आणि सातव्या बारला सीवर उतरा. त्याने घेतलाच नाही तर तो बी नुसता जाता जाता लागल्यासारखा वाटेल, लांबवू नका म्हणजे झालं.