'रिडंडंट' म्हणजे फाजील? सर्व्हरचे शब्द मराठीत आणावेत का?

रावेरकर
जळगाव जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेचा सर्व्हर मी सांभाळतो. त्याच्या पाठीमागे दोन पॉवर सप्लाय आहेत, एक यूपीएसवर, दुसरा थेट भिंतीतल्या सॉकेटवर. एक गेला तर दुसऱ्यावर मशीन चालू राहतं. दुसऱ्याच्या वायरवर चिठ्ठी होती, 'रिडंडंट'. तिथल्या नव्या पोराने शब्दकोश उघडला: अनावश्यक, फाजील. मे महिना, कुलरला सॉकेट हवं होतं. त्याने ती वायर काढली. सर्व्हर चालूच राहिला, म्हणून त्याची खात्रीही पटली. मागे पिवळा दिवा लुकलुकत होता, पण तिकडे कोण बघतं? तीन आठवड्यांनी यूपीएस बसला आणि बाजाराच्या दिवशी, काउंटरवर रांग असताना सगळं बंद.

पोराला मी दोष देत नाही. कोशात तोच अर्थ आहे. म्हणून म्हणतो, हे शब्द मराठीत आणा. रिडंडन्सीला 'राखीव जोड', फेलओव्हरला, म्हणजे एक बंद पडला की दुसऱ्याने आपोआप काम उचलण्याला, 'खांदेपालट'. पालखीचा एक भोई थकला की दुसरा खांदा देतो, पालखी थांबत नाही. काम नेमकं तेच आहे.

भुसावळकर, सध्या पुणे
साफ विरोध. रात्री दोनला सर्व्हर पडतो तेव्हा स्क्रीनवर 'फेलओव्हर' असतं. तोच शब्द जसाच्या तसा शोधावा लागतो, तेव्हा उत्तर सापडतं. मी मराठी माध्यमाचा. पहिल्या मुलाखतीत 'लेटन्सी' म्हणजे काय विचारलं. विनंती गेल्यापासून उत्तर येईपर्यंतचा वेळ मला कळत होता, शब्द ओळखीचा नव्हता. गप्प बसलो, नोकरी गेली. आपल्या पोरांच्या डोक्यावर आणखी एक शब्द चढवू नका. आणि खांदेपालट म्हटलं की लोकांना मंत्रिमंडळ आठवतं.

यावलची केळीवाली
आमच्या बागेकडे बघा. 'ड्रिप' आलं आणि आम्ही 'ठिबक' म्हणायला लागलो, कारण पाणी ठिबकताना डोळ्यांना दिसतं. पण त्याच बागेत झाडांच्या ओळीतून जाणारी नळी, 'लॅटरल', लॅटरलच राहिली, पाण्यात खत ओढणारी 'व्हेंचुरी'सुद्धा. त्यांना मराठी शब्द शोधायला कोणी बसलं नाही आणि काही अडलंही नाही. शब्द शेतात चालला तर राहतो, समिती नेमून नाही.

रावेरकर
ताई, ठिबक माझ्याच बाजूने बोलतंय! भुसावळकर, इंग्रजी शब्द तरी कुठे स्थिर आहेत? 'रेड' (RAID) घ्या, म्हणजे अनेक डिस्क जोडून एकीसारख्या वापरायची पद्धत. १९८८ साली बर्कलीच्या संशोधकांनी तो मांडला तेव्हा त्यातल्या 'आय'चा अर्थ 'स्वस्त' होता, पुढे 'स्वतंत्र' झाला. 'आर' मात्र आमचा हाच रिडंडंट. त्यातल्या रेड ५ या प्रकारात एक डिस्क गेली तर चालतं, ती बदलून भरून होण्याआधी दुसरी गेली की सगळा डेटा गेला. तरी संचालक म्हणतात, "रेड आहे ना, मग बॅकअपचा खर्च कशाला?" चुकून पुसलेली नोंद रेड सगळ्या डिस्कवरून पुसतो, हे त्यांना कोणत्या भाषेत सांगू?

भुसावळकर, सध्या पुणे
मराठीतच सांगा! समजावणं मराठीत, नाव मूळचं, एवढंच म्हणतोय. '९९.९ टक्के अपटाइम' हा शब्द बदलून काय मिळेल? वर्षाला पावणेनऊ तास बंद राहण्याची सोय त्यात आहे, हे फोडून सांगितलं की संचालक सरळ बसतात.

धुळेकर
भाऊ, तुमनं म्हणनं पटस. पण सॉकेटजवळ समजावायला कोण उभं राहणार? तिथे चिठ्ठीच बोलते. ती मराठीत हवी.

रावेरकर
उद्या जाऊन हे चिकटवतो: 'रिडंडंट पॉवर सप्लाय. जोडीतला दुसरा. मशीन चालू दिसलं तरी काढू नये. पिवळा दिवा लागला तर लगेच फोन करा.' भुसावळकर, तुमचा शब्द पहिला ठेवलाय.

भुसावळकर, सध्या पुणे
हे चालेल. खांदेपालट मात्र अजून मान्य नाही.