प्रतिसाद: विनएसएक्सएस हाताने उडवू नका

सी ड्राइव्ह भरला म्हणून विनएसएक्सएस फोल्डर (विंडोज आपले घटक आणि अपडेटच्या फायली ठेवतं तो) डिलीट करायचा सल्ला वर आलाय, तो कृपया पाळू नका. तिथल्या बऱ्याच फायली म्हणजे सिस्टम३२ या विंडोजच्या मुख्य फोल्डरमधल्याच फायलींच्या हार्ड लिंक आहेत, म्हणजे डिस्कवरच्या एकाच फाइलची दोन नावं. एक्सप्लोरर त्या दोनदा मोजतो, म्हणून आकडा फुगलेला दिसतो. हाताने उडवल्यात तर अपडेट अडकतील, कदाचित विंडोज सुरूच होणार नाही.

त्याऐवजी डिस्क क्लीनअप उघडा, 'क्लीन अप सिस्टम फाइल्स' दाबा आणि 'विंडोज अपडेट क्लीनअप'वर टिक करा. त्याच यादीत 'डाउनलोड्स' असेल तर टिक आधी काढा! त्या फायली रीसायकल बिनमध्ये जात नाहीत, थेट कायमच्या डिलीट होतात. 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन' काढलंत की जुन्या आवृत्तीवर परतता येत नाही, हेही ध्यानात असू द्या.

हायबरनेट (चालू काम डिस्कवर साठवून संगणक बंद करायची सोय) वापरत नसाल तर तेही बंद करा. त्याची फाइल सहसा रॅमच्या ४० टक्के असते, म्हणजे १६ जीबी रॅमला साधारण साडेसहा जीबी. मात्र त्याबरोबर फास्ट स्टार्टअप, म्हणजे संगणक लवकर सुरू करणारी सोयही बंद होते.