मदत हवी आहे: आईच्या गोळ्या संपल्यात, दवाखाना बंद (सोलापूर)

घरकुल_पोरगा: आईच्या गोळ्या उद्या संपतायत. लॉकडाऊनपासून डॉक्टर बसतच नाहीत. मी पुण्यात अडकलोय, पास मिळेना. ऑनलाइन डॉक्टरचं काय ते लवकर सांगा.

टॉवेलवाला: ई-संजीवनी ओपीडी. सरकारी, फुकट. ओटीपी, टोकन, मग व्हिडिओवर डॉक्टर. माझ्या सासऱ्यांचं घरबसल्या झालं. सोय असताना लोक का अडतात कळत नाही.

अक्का_अशोकचौक: गोळ्या कसल्या? वय? आणि विडी कामगारांचं घरकुल कोणतं, हैदराबाद रोडचं जुनं की कुंभारीचं गोदूताई? जुनं महापालिकेत, कुंभारी दक्षिण सोलापूर तालुक्यात. आशाताईसुद्धा वेगळ्या.

घरकुल_पोरगा: गोदूताई. बीपी, शुगर. ५८. नावं माहीत नाहीत. शेजारच्या पोराने पट्टी बघितली, नावाची बाजू कापलेली, नुसतं ‘५००’ दिसतंय.
टॉवेलवाले, आईकडे बटणाचा फोन आहे. त्या पोराच्या मोबाइलवर व्हिडिओ लावला, तर डॉक्टर भराभरा हिंदी बोलले. आईला तेलुगू येतं आणि मोडकी मराठी. विड्या बंद, मजुरी बंद, स्मार्टफोन कुठून आणू?

सातरस्ता: आधी कोरोनाचा स्वॅब द्या. ऑक्सिजन ९४ च्या खाली गेला तर थेट सिव्हिल.

घरकुल_पोरगा: ताप नाही, दम नाही. गोळ्या हव्यात!

बाळीवेस: मेथीचं पाणी आणि गुळवेल सुरू करा. माझी शुगर त्यानेच उतरली.

अक्का_अशोकचौक: बाळीवेस, बीपीची गोळी बंद पडली तर लकवा मारू शकतो. असलं काही सांगू नका.

बाळीवेस: तुम्ही डॉक्टर आहात का?

मेडिकलवर_बसतो: भांडण नंतर. २५ मार्च २०२० चे टेलिमेडिसिनचे, म्हणजे फोन-व्हिडिओवर तपासण्याचे, नियम आहेत. त्याच आजारासाठी त्याच डॉक्टरांना सहा महिन्यांत समक्ष दाखवलं असेल, तर चालू गोळ्या पुढे लिहायला साधा फोन चालतो. आईने संमती दिली की सहीच्या चिठ्ठीचा फोटो डॉक्टर थेट मेडिकलला पाठवू शकतात. शेवटचं कधी दाखवलं?

घरकुल_पोरगा: फेब्रुवारीत.

टॉवेलवाला: डॉक्टर फोन उचलतील का पण?

मेडिकलवर_बसतो: दवाखान्याशेजारच्या मेडिकलवाल्याकडे नंबर असतो. बिलं तिथलीच असतील तर गोळ्यांची नावंही तोच सांगेल.

घरकुल_पोरगा: नंबर मिळाला! डॉक्टर तेलुगूतच बोलले आईशी. चिठ्ठी पाठवतायत. फार उपकार झाले.
शेजारच्या मावशींचीही बीपीची गोळी संपलीय. त्या मेडिकलवरून मागून घ्यायच्या, डॉक्टर असा कधी नव्हताच. त्यांना तरी फोनवर मिळेल का?

मेडिकलवर_बसतो: नाही, ती पहिली भेट धरतात. गोळी लिहायला व्हिडिओ लागतो.

अक्का_अशोकचौक: मावशींना मोबाइलच्या नादी लावू नका. आशाताईंना गाठा, आरोग्य केंद्रात बीपी मोजून गोळ्या फुकट देतात. आणि पोरा, आईची चिठ्ठी आली की फोटो जपून ठेव, महिन्याने परत लागेल.