मदत हवी आहे: हॉलमध्ये एल सोफा की सुट्या खुर्च्या?

नमस्कार मंडळी. आमचा हॉल १२ बाय १६ फुटांचा आहे. एका लांब भिंतीत मोठी खिडकी, समोरच्या भिंतीत आत जायचं दार, त्यामुळे अख्खी मोकळी लांब भिंत हाती लागतच नाही. माणसं पाच: आम्ही दोघं, सासूबाई आणि जमिनीवरच लोळणारी दोन मुलं.

नवऱ्याला एल आकाराचा सोफा हवाय. मी त्याच मापाची जुनी वर्तमानपत्रं अंथरून पाहिली (जरूर करून बघा, सगळा भ्रम उतरतो!). सोफा आणि टीपॉयमध्ये १६ ते १८ इंच सोडल्यावर दाराकडे जायला जेमतेम दीड फूट उरलं. निदान अडीच-तीन फूट तरी हवं ना? शिवाय सासूबाईंचे गुडघे दुखतात; खोल, बुटक्या सोफ्यातून त्यांना उठवत नाही. त्यांच्यासाठी १८-१९ इंच उंच बैठकीची, हात असलेली खुर्ची हवीच. म्हणून मला तीन सीटचा साधा सोफा आणि दोन खुर्च्या बऱ्या वाटतात.

टीव्ही खिडकीसमोर लावला तर दुपारी त्यात नुसती खिडकीच दिसते. आखूड भिंतीवर लावला तर अंतर साधारण ९ फूट येईल. ५५ इंची चालेल?

गालिच्यावर सोफ्याचे पुढचे पाय यावेत म्हणतात, पण एवढा मोठा गालिचा धुणार कोण? दिवे मात्र २७०० केल्विनचे, पिवळसर. त्यावर घरात एकमत आहे, नवलच!

अशा खोलीत कुणी एल सोफा बसवलाय का? रविवारपर्यंत सुताराला सांगायचंय.