घाटातल्या काळ्या दगडाला पापुद्रे का सुटतात?

रानवाट: वरंध घाटात रस्त्यासाठी कापलेल्या कड्यात गोल धोंडे दिसले. कांद्यासारखे पापुद्रे, आत काळा टणक गाभा, भोवती पिवळट माती. नदीतले गोटे आहेत का हे?

कातळवेडा: नाही, जागच्या जागी झालेत. बेसॉल्टला, म्हणजे लाव्हा थंड होऊन झालेल्या या काळ्या दगडाला, भेगा पडून ठोकळे होतात. पाणी त्या भेगांतून शिरतं. कोपऱ्यांवर ते दोन-तीन बाजूंनी काम करतं, म्हणून कोपरे आधी कुजतात आणि ठोकळा गोलावतो. दगडातल्या फेल्स्पार या खनिजाची चिकणमाती होते, लोह गंजून पिवळा-तांबूस रंग येतो. हे विदारण, यात काहीच जागचं हलत नाही. हजारो वर्षांचं काम असं उघडं पाहायला मिळतं, म्हणून मी प्रत्येक घाटात गाडी थांबवतो!

रानवाट: मग दरड कशी कोसळते?

कातळवेडा: तीच कुजलेली माती सलग पावसात भिजून जड होते. खाली ताजा कातळ, पाणी फारसं झिरपत नाही. कणांमधला पाण्याचा दाब वाढला की पकड सुटते आणि गुरुत्वाकर्षण उतार खाली ओढतं. ही विस्तृत झीज. गावांवर कोसळलेल्या दरडी आठव: माळीण ३० जुलै २०१४, तळीये २२ जुलै २०२१, इर्शाळवाडी १९ जुलै २०२३. तिन्ही जुलैतल्या. पुढे तो गाळ नदी वाहून नेते.

सावित्रीकाठ: आम्ही पोलादपूरकडचे. उतारावर नवी भेग, कललेली झाडं, अचानक गढूळ झालेला झरा दिसला, तर कृपा करून सकाळची वाट बघू नका. म्हाताऱ्यांना आधी हलवा. गुरं सोडून द्या, दाव्याला बांधून ठेवू नका.